सहा आठवडे हा हात माझा

वंदनाताईंनी माझं तोंड पहिल्यांदा बघितलं ते चौथ्या भेटीत. त्याआधी तीन वेळा मी त्यांच्यासमोरच्या स्टुलावर बसले होते. तिन्ही वेळा त्यांनी माझा उजवा हात पुढ्यात ओढला, उलटासुलटा केला, दिव्याखाली धरला आणि हातालाच विचारलं, "काय, सूज उतरली का रात्रीची?" उत्तर मी द्यायची, पण त्यांची मान काही वर व्हायची नाही. चौथ्या वेळी मला जोरात शिंक आली, तेव्हा त्यांनी दचकून वर बघितलं आणि म्हणाल्या, "अगं बाई, तुम्हाला चष्मा आहे होय?"

आता याचा राग येणार नाही तर काय होणार? मी म्हटलं, "मॅडम, या बोटाच्या मागे एक बाई पण आहे." त्यावर म्हणाल्या, "मॅडम नका म्हणू, ताई म्हणा. आणि बाईचं काय आहे मावशी, तोंड खोटं बोलतं. 'बरं आहे, बरं आहे' म्हणतं. बोटाला नाही जमत ते." बोलता बोलता माझ्या बोटावरची कातडी अंगठ्यानं चोळत होत्या. तोंडाकडे परत बघितलं नाही ते नाहीच.

त्या डॉक्टर नव्हत्या. हातांची ऑपरेशनं करणारे मोठे डॉक्टर वेगळे. ते आठवड्यातून दोन दिवस आमच्या मुलुंडच्या एका धर्मादाय इस्पितळात यायचे. नुसत्या हाताचा असा वेगळा डॉक्टर असतो हेच मला साठी उलटेपर्यंत माहीत नव्हतं. डोळ्यांचा असतो, दातांचा असतो, ठीक आहे. पण हाताचा? तर असतो. त्यांनी शिवून दिलेले हात चालते करायचे, हे वंदनाताईंचं काम. दुसऱ्या मजल्यावर जिन्याशेजारी त्यांची चिंचोळी खोली होती. एक टेबल, दोन स्टुलं, आणि कोपऱ्यात गरम पाण्याचं एक मोठं चौकोनी भांडं. त्या भांड्यावर त्यांचा एवढा जीव होता की झाडणाऱ्या बाईलाही हात लावू देत नसत.

माझं काय झालं ते आधी सांगते. श्रावण लागायच्या आदल्या रविवारी आम्हा मालवणी माणसांच्या घरात मासे असायलाच पाहिजेत, कारण पुढे महिनाभर बंद. मी अडाळ्यावर, म्हणजे आमच्या विळीवर, बांगडे साफ करत होते. चाळीस वर्षं त्याच अडाळ्यावर बसतेय, पण त्या दिवशी बांगडा सुळकन निसटला आणि अंगठ्याशेजारचं बोट मधल्या पेराशी आतल्या बाजूनं पात्यावर गेलं. रक्त बघून आमचे हे धावत आले आणि विचारतात काय, तर, "अगो, बोट आसा मां जाग्यार?" बोट जागेवर होतं. कोपऱ्यावरच्या दवाखान्यात टाके पडले, रक्त थांबलं. पण बोट वाकेना. बाकीच्या चार बोटांची मूठ वळायची आणि हे आपलं ताठ, शाळेत हजेरी देणाऱ्या मुलासारखं.

मोठ्या डॉक्टरांनी एका मिनिटात सांगितलं, "बोट वाकवणारी दोरी असते आत, ती तुटलीय. आणि तुटलेलं टोक मागे सरकलंय. लेंग्याची नाडी आत जाते ना, तसं." माणूस कडक होता, पण समजावून सांगायचा. मंगळवारी ऑपरेशन झालं. नाडी शोधून, ओढून, शिवून दिली. "माझं काम झालं," म्हणाले, "आता सहा आठवडे वंदना सांगेल तसं."

वंदनाताईंनी प्लॅस्टिकचा एक पांढरा पत्रा कापून त्या गरम पाण्याच्या भांड्यात सोडला. बघता बघता तो पापडाच्या लाटीसारखा लुसलुशीत झाला. तो त्यांनी टॉवेलवर टिपला आणि माझ्या हाताच्या पाठीवर, मनगटापासून बोटांच्या टोकांपर्यंत, दाबून बसवला. मनगट थोडं खाली, बोटं खाली वाकलेली. पत्रा थंड होऊन कडक झाला, तेव्हा हातावर जणू छप्परच झालं. बोटं तळहाताकडे वाकू शकत होती, पण वर सरळ होऊ शकत नव्हती. त्याला त्या स्प्लिंट म्हणत. आवळायला चरचर आवाज करणाऱ्या चिकटपट्ट्या होत्या. सगळं झाल्यावर त्यांनी माझ्या त्या बंदिस्त हातावर आपला हात ठेवला आणि म्हणाल्या, "सहा आठवडे हा हात माझा. तुम्हाला फक्त सांभाळायला दिलाय. आंघोळीला काढायचा नाही, खाजवायला काढायचा नाही, कुणी बघायला मागितलं तरी काढायचा नाही."

"आणि मी केस कशानं विंचरायचे?"

"काका कशाला आहेत?"

आमच्या यांनी साठ वर्षांत कुणाचे केस विंचरले नव्हते. त्यांनी घातलेली वेणी बघून सून, स्वाती, हसून हसून ओट्याला टेकली. आणि व्यायाम! दर तासाला दहा वेळा. डाव्या हातानं ते बोट हळूच तळहातात दाबायचं, आणि मग आपलं आपण छपरापर्यंत सरळ करायचं. वंदनाताईंचा मंत्र होता, "वाकवायचं परक्याच्या जोरावर, सोडायचं आपल्या जोरावर." उलट केलं तर दोरी तुटणार. मला हे उलटच आठवायचं. आमचे हे घड्याळ घेऊन बसायचे आणि टीव्हीवर बातम्या रंगात आल्या की नेमके ओरडायचे, "दहा झाले गो?" त्या दिवसांत मी घरात सगळ्यांवर खेकसले. एक बोट गेलं की बाई निम्मी होते, हे कुणाला सांगणार?

इस्पितळाच्या बाकावर बसून बसून मला सगळ्यांचे हात कळायला लागले होते. एक रिक्षावाले होते, त्यांचं बोट मुडपलं की अडकायचं आणि मग 'टक्' करून उघडायचं. एक केटरिंगवाल्या बाई होत्या, त्यांच्या पंजाला सारख्या मुंग्या, हातातून झारा गळून पडायचा. एक निवृत्त मास्तर होते, त्यांच्या तळहातातली कातडी आखडत आखडत करंगळी आत ओढली गेलेली, नमस्कार करायला हात जोडले की मध्ये पोकळी. वंदनाताई दारात येऊन हाका मारायच्या त्या नावानं नाही. "अडकणारं बोट, या आत! करंगळी, तुम्ही नंतर!" मास्तरांना फार राग यायचा. "अहो, मी पस्तीस वर्षं गणित शिकवलंय," ते म्हणायचे. आणि वंदनाताई म्हणायच्या, "करंगळीनं थोडंच शिकवलं? या."

त्या मूळच्या वाशिमकडच्या. आईवडिलांबरोबर लहानपणीच घाटकोपरला आलेल्या, बोलणं पक्कं मुंबईचं. पण रागावल्या की आतून वऱ्हाड बाहेर यायचं आणि 'का' च्या जागी 'काहून' यायचं. "काहून नाही केला व्यायाम? काहून?" जिन्यापर्यंत ऐकू जायचं. तो 'काहून' आला की बाकावरचे आम्ही सगळे गपचूप आपापली बोटं हलवायला लागायचो.

गणपतीच्या आदल्या आठवड्यात त्यांनी माझी चिकटपट्टी नीट करता करता विचारलं, "मोदक कोण करणार?"

मी चमकले. "तुम्हाला काय माहीत?"

"आमच्या घरी गणपती नसतो मावशी, पण मला पंचांग पाठ आहे. संक्रांतीला मांज्यानं कापलेली बोटं येतात. दिवाळीला चकलीचा साचा दाबून हात धरतात. आणि गणपतीत माझ्या दोन तरी शिवलेल्या दोऱ्या तुटतात. दर वर्षी. सांगा, कोण करणार?"

"सून."

"नक्की?"

"नक्की हो! शपथ घेऊ काय?"

"शपथ नको. पाचवा आठवडा सगळ्यात वाईट. दुखायचं थांबतं, माणसाला वाटतं बरं झालं. आत दोरी अजून कच्ची असते, ओल्या सुतळीसारखी. आठवडाभर कळ काढा."

मी मनापासून हो म्हटलं होतं, हे खरं. खोटं बोलायचं माझ्या मनात नव्हतं.

चतुर्थीच्या सकाळी स्वाती पहाटेपासून उभी होती. पोरगी चांगली आहे, पण तिच्या माहेरी तळणीचे मोदक. उकड तिनं काढली, ती आधी कोरडी झाली. मग पाणी जास्त झालं. कळी पाडायला गेली की पारी फाटायची आणि सारण बाहेर. एकवीस मोदकांचा नैवेद्य, आणि ताटात चार झालेले, तेही कुणीतरी पाय दिल्यासारखे. मी स्टुलावर बसून तोंडानं सांगत होते, "तेलाचा हात लाव. गरम असतानाच मळ. अशी नाही गं, अशी!" पण मळणं तोंडानं सांगता येत नाही. तेवढ्यात भटजी आले, स्वाती हात धुऊन बाहेर गेली. उकड थंड व्हायला लागली होती. थंड झाली की संपलं, पुन्हा सगळं पहिल्यापासून.

मी म्हटलं, नुसती मळून देते. दोन मिनिटं. कळ्या तीच पाडेल.

डाव्या हातानं चर्र चर्र करून पट्ट्या काढल्या. पाच आठवड्यांनी हात मोकळा झाला. गरम उकडीत पंजा घातला आणि सांगते तुम्हाला, इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. दोन वेळा दाबलं, तिसऱ्यांदा बोटांनी गोळा ओढून घेतला आणि आत कुठेतरी काहीतरी सुटलं. दुखलं नाही. आवाजही नाही. नुसतं सुटलं. मी बोट वाकवून बघितलं. ताठ. परत हजेरी देत उभं.

हात घाईघाईनं पुसला, स्प्लिंट चढवली, पट्ट्या आवळल्या. स्वाती आत आली तेव्हा मी स्टुलावर होते. ती म्हणाली, "आई, उकड एकदम झकास झाली हो! मी मळली तेव्हा अशी नव्हती." मी म्हटलं, "मुरली असेल." एकवीस मोदक झाले. आरती झाली. मी मात्र एकही खाल्ला नाही.

दीड दिवसाचं विसर्जन झालं आणि तिसऱ्या दिवशी मी इस्पितळात गेले. वंदनाताईंनी हात ओढला, बोटाकडे बघितलं. 'काहून' सुद्धा आला नाही. मीच बोलले. "रात्री झोपेत काहीतरी झालं बघा. पट्टी सैल पडली असेल."

त्यांनी स्प्लिंट काढली, उलटी केली, दिव्याखाली धरली. नखानं पट्टीच्या काट्यांमधून काहीतरी खरवडलं. मला वाटलं, कचरा असेल. इतक्यात मोठे डॉक्टर आत आले. त्यांनी माझं बोट दोन जागी दाबलं आणि सरळ माझ्याकडे बघितलं.

"काढली होती का स्प्लिंट? खरं सांगा. काढली असेल तर मी परत उघडणार नाही. ज्याला हात सांभाळता येत नाही त्याच्यावर दुसऱ्यांदा वेळ घालवायचा, तर बाहेर तीन-तीन महिने थांबलेल्यांना मी काय सांगू?"

खोटं तर आधीच बोलून झालं होतं. आता फक्त मान हलवायची बाकी होती, आणि ती कुठल्या बाजूला हलवायची ते सुचेना.

"स्प्लिंट माझी चुकली, सर," वंदनाताई म्हणाल्या. "अंगठ्याकडची कड तोकडी कापली मी. हात आतून सरकत होता. मावशींचा दोष नाही."

बाकावरचे सगळे दारातून ऐकत होते. डॉक्टर त्यांना जे बोलले ते मी इथे लिहीत नाही. सगळं मोठ्यानं नाही बोलले. पण इतक्या वर्षांत इतकं साधं चुकतं कसं, हे त्यांनी तीनदा विचारलं. वंदनाताई तीनदा म्हणाल्या, "चुकलं, सर." केसपेपरवर तसंच लिहिलं. खाली सही केली. मी स्टुलावर बसून होते, चष्मा लावून, तोंड मिटून.

दुसऱ्या दिवशी माझं परत ऑपरेशन झालं. पुन्हा नाडी शोधली, पुन्हा शिवली. पुन्हा सहा आठवडे. पण दुसरी स्प्लिंट वंदनाताईंनी नाही बनवली. डॉक्टरांनी बाहेरून एक नवी मुलगी आणली होती. वाईट नव्हती. तोंडाकडे बघून गोड हसायची, नावानं हाक मारायची, "कशा आहात परबकाकू?" हाताकडे बघायला मात्र तिला सांगावं लागायचं. मास्तर खूश झाले असतील म्हणून मी विचारलं, तर म्हणाले, "नाव घेते हो, पण करंगळी परत आत चाललीय."

वंदनाताईंना खाली, तळमजल्यावर पाठवलं होतं. गुडघे आणि कंबरा. शेकायच्या पिशव्या बांधायच्या, पाय वर-खाली करून घ्यायचे. ते गरम पाण्याचं भांडं वरच राहिलं. मी येता-जाता त्यांना जिन्यात गाठायची. त्या थांबायच्या, हात ओढायच्या, बघायच्या, "ठीक चाललंय," म्हणायच्या आणि गुडघ्यांकडे निघून जायच्या. सांगावं तर डॉक्टर माझ्यावरचे उपचार थांबवतील ही भीती. न सांगावं तर ही बाई माझ्यापायी खाली. सहा आठवडे मी दर तासाला दहा वेळा बोट वाकवलं आणि दर वेळी ठरवलं, बोट सुधारलं की सांगायचं. बघा, तेव्हाही आधी बोटच.

स्प्लिंट सुटली त्या दिवशी मी सरळ तळमजल्यावर गेले. त्या एका आजोबांचा गुडघा शेकत होत्या. मी म्हटलं, "ताई, मला काहीतरी सांगायचंय. त्या दिवशी मी-"

"उकड होती," त्या म्हणाल्या. "पट्टीच्या काट्यांत वाळलेली. मी नखानं काढली आणि ॲप्रनला पुसली."

"म्हणजे तुला तेव्हाच कळलं होतं?" 'तुम्हाला' वरून मी कधी 'तू' वर आले तेही मला समजलं नाही. "आणि तू बोलली नाहीस? माझ्यासमोर एवढं ऐकून घेतलंस? मला विचारायचं तरी होतंस!"

"विचारलं असतं तर तुम्ही खरं बोलला असता. मग बोट गेलं असतं." त्या आजोबांची पिशवी सरळ करत होत्या. "दोन-चार दिवसांत उघडलं तर दोरी मिळते, नंतर ती आखडून जाते. भांडायला वेळ नव्हता, मावशी. माझं काय, दोन महिने गुडघे. सर राग विसरले की परत बोलावतील. पण तुम्ही आता गप्प राहा. माझं मी बघते."

हे शेवटचं वाक्य मी ऐकलं असतं तर किती बरं झालं असतं. पण नाही. माझा स्वभावच असा की पोटात काही राहत नाही, आणि जे राहतं ते नको तेव्हा बाहेर पडतं. मी तशीच जिना चढून वर गेले, नंबर न लावता डॉक्टरांच्या खोलीत घुसले आणि म्हटलं, "डॉक्टर, स्प्लिंट चुकली नव्हती. मी काढली होती. मोदकांसाठी."

त्यांनी पेन खाली ठेवलं. रागावतील म्हणून मी तयारीत होते. ते एवढंच म्हणाले, "वंदनाला माहीत होतं?"

आणि मी मूर्ख! मला वाटलं, आता हिचा मोठेपणा सांगायची वेळ आली. मी छाती काढून म्हटलं, "माहीत म्हणजे? पहिल्या मिनिटापासून! पट्टीत उकड सापडली होती त्यांना. तरी माझ्यासाठी सगळं अंगावर घेतलं हो त्या बाईनं."

डॉक्टरांनी माझं बोट एकदा वाकवून बघितलं आणि म्हणाले, "चूक झाली असती तर मी दोन महिन्यांत विसरलो असतो. चूक माझ्याकडूनही होते. पण तिनं केसपेपरवर खोटं लिहिलंय. मी तिच्या कागदावर विश्वास ठेवून हात उघडतो, आजी. उद्या कुठल्या कागदावर ठेवू?"

माणूस चुकीचं बोलत नव्हता, हाच तर वैताग आहे. तो चुकीचा असता तर मी त्याला मालवणीत चार शिव्या हासडून मोकळी झाले असते.

पुढच्या आठवड्यात मी गेले तेव्हा वंदनाताई जिन्याखाली उभ्या होत्या, हातात कापडी पिशवी. त्यांनी राजीनामा दिला होता. कुणी काढलं नव्हतं. पण वर परत बोलावणार नाही, हे त्यांना स्पष्ट सांगितलं गेलं होतं. मी हात पुढे केला, नेहमीसारखा. त्यांनी तो घेतला नाही. त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं. सरळ, डोळ्यांत. इतके महिने जे मागत होते ते मिळालं, आणि मला वाटलं, जमीन फाटावी.

"काहून बोललात?" त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "मी सांगितलं होतं ना, गप्प राहा म्हणून. तेव्हा स्प्लिंट काढायची नव्हती, ती काढली. आता तोंड उघडायचं नव्हतं, ते उघडलं. काहून?"

आणि निघून गेल्या.

आमचे हे म्हणाले, "तू भल्यासाठी गेलंस." स्वाती म्हणाली, "आई, तुम्ही खरं बोललात ना, मग झालं." दोघांवर मी ओरडले. भल्यासाठीच मळली होती उकड पण. माझं सगळं भल्यासाठीच असतं आणि वाट दुसऱ्याची लागते.

त्यानंतर मला एक वेड लागलं. माणूस भेटला की मी आधी हात बघते. भाजीवालीचा अंगठा, सोसायटीच्या वॉचमनचं मनगट, देवळातल्या पुजाऱ्याची बोटं. कुणाचं बोट अडकतंय, कुणाचा पंजा बधिर होतोय म्हटलं की खोदून खोदून विचारते. बायका मला टाळायला लागल्या. तशीच एक बाई भेटली, कापलेल्या बोटाची. तिच्या हातावर पांढरी स्प्लिंट होती. अंगठ्याकडची कड इतकी सुबक वळवलेली, की मी तिथेच रस्त्यात तिचा हात धरला. "कुणी बनवली?" ती घाबरून म्हणाली, "भांडुपला एक ताई आहेत. घरीच बघतात. जरा तापट आहेत."

पत्ता घेतला, पण वर्षभर पाय उचलला नाही. काय तोंडानं जाणार? तोंडच तर त्यांनी बघून ठेवलं होतं.

यंदाच्या चतुर्थीला उकड मीच मळली. कळ्याही मीच पाडल्या. बोट वाकतं आता, मोदकापुरतं वाकतं. शेवटचं पेर मात्र कच खातं, म्हणून माझ्या मोदकाला एका बाजूची कळी जरा फताडी येते. स्वातीला ते दिसत नाही. नैवेद्य झाल्यावर पाच मोदक डब्यात भरले आणि रिक्षा करून भांडुपला गेले.

बैठ्या घराची बाहेरची खोली. दोन स्टुलं, एक टेबल आणि कोपऱ्यात गॅसवर एक मोठं चौकोनी भांडं, हे स्वतःचं. दारावर पाटी नाही, नुसता रंगानं काढलेला एक पंजा. गुडघेवाल्यांनी चुकून येऊ नये म्हणून असेल. वंदनाताई दारात आल्या. मी वाट बघत होते, बघतात कुठे, वर की खाली. त्या वर बघत होत्या. मी घाईघाईनं बोलायला लागले, "ताई, मला माफ-"

त्यांनी माझ्या हातातला डबा घेतला, उघडला आणि एक मोदक उचलून दिव्याखाली धरला. फिरवला. त्या फताड्या कळीपाशी थांबल्या.

"इथं शेवटचं पेर लागलंच नाही," त्या म्हणाल्या.

"हो, ते जरा-"

"स्टूल ओढा."

मी बसले. त्यांनी माझा उजवा हात पुढ्यात ओढला, उलटा केला, सुलटा केला आणि अंगठा त्या जुन्या वणावर ठेवला. मान खाली. मला माझ्या माफीचं वाक्य पुरं करायचं होतं, रिक्षात तीनदा म्हणून पाहिलं होतं. पण ऐकायला समोर कुणी नव्हतं, त्या बोटाशी बोलत होत्या.

"व्यायाम चालू आहे का?"

"दर तासाला, दहा वेळा," मी म्हटलं.

"तुम्हाला नाही विचारलं," वंदनाताई म्हणाल्या, आणि बोट हळूच तळहाताकडे दाबून सोडून दिलं. "हं. आता तू वाक. एकटं."

मी सगळा जीव लावला. ते निघालं, अर्ध्यावर आलं आणि तळहाताच्या एक पेर अलीकडे थांबलं.

"काहून?" त्या इतक्या जोरात ओरडल्या की शेजारच्या घरातली बाई खिडकीत आली.